छपरावरचा कळप

मी एक जुने, जाडेभरडे सुती कापड आहे. कत्तालिनने मला कोठाराच्या जमिनीवर पसरून तपासले, तेव्हा माझ्यावर चौदा ठिगळे, ठिणग्यांनी पडलेली नऊ भोके आणि उंदरांनी कुरतडलेली एक कड निघाली. धड असा एकच मोठा तुकडा उरला होता, साधारण दाराएवढा.

मित्रांनो, नेवाडाच्या डोंगरांत मेंढपाळ ज्या घोडागाडीत राहतात, तिचे मी छप्पर होते. कत्तालिनचा नवरा एर्रामुन दर वसंतात मला मेंढीची चरबी चोळायचा. मग पाऊस असो की बर्फ, थेंब आत येत नसे. येणारेजाणारे माझ्यावर हात फिरवून वाहवा करत. त्या चरबीचा मला फार अभिमान होता.

आमचा कळप अकराशेंचा. एवढ्या मेंढ्या रोज कोण मोजणार? म्हणून शंभरामागे एक काळी ठेवलेली असे. संध्याकाळी एर्रामुनचा धाकटा भाऊ बेट्टिरी गाडीच्या पायरीवर उभा राहून बोट नाचवत फक्त काळ्या मोजायचा. अकरा भरल्या की कळप पुरा.

कत्तालिन लग्न करून फ्रान्सच्या बास्क मुलखातून इथे आली, तेव्हा तिच्या पेटीत रंगांच्या नळ्या होत्या. तिकडे ती चित्रकला शिकत होती. इथे लोकर कातरणाऱ्यांचा स्वयंपाक, मेंढ्यांची बाळंतपणे आणि स्वतःची तीन मुले यांत रंग नळीतच वाळले. चांगल्यातल्या कुंचल्याने ती नवजात कोकरांच्या नाळेला आयोडीन लावू लागली. त्याचे केस झडले, तेव्हा तो चुलीत गेला.

पुढे एर्रामुन वारला. कळप विकला गेला. गाडीची चाके मोडली आणि मी माळ्यावर उंदरांच्या हवाली झाले.

मग अडुसष्टाव्या वर्षी कत्तालिनने एल्को गावातून नवे रंग आणले आणि मला खाली काढले. बेट्टिरीने विचारले, एवढे रंग आणलेत, मग कापड का नाही आणले? ती म्हणाली, कोरे कापड पाहिले की हात थिजतो, या कापडाची भीती वाटत नाही. मग जरा थांबून बोलली, "हाताला काही आठवतंय का, ते बघायचंय, भाऊजी. नसेल आठवत तर हे सगळं लेकीला देऊन टाकीन."

आधी तिने एका ठिगळाजवळचा छोटा तुकडा कापला. त्यावर सरस लावला, पांढरा थर दिला आणि चार मेंढ्या रंगवल्या. आठवड्याने थर सालीसारखा सुटू लागला.

बेट्टिरी वाकून म्हणाला, "वहिनी, यांचे पाय कुठे गेले?"

"खाली जमिनीवर पडलेत."

तो हसला. ती हसली नाही. हात संपला, असे तिला वाटले, आणि तिने नळ्या खोक्यात भरल्या. खोक्याला दोरी बांधता बांधता तिने पडलेली एक साल उचलली, मागून नखाने खरवडली आणि हुंगली. चरबी. पाण्यात कालवलेला सरस चरबीला धरत नाही. दोष हाताचा नव्हता, माझा होता.

तिने दोरी सोडली आणि मला सोड्याच्या पाण्यात तीनदा उकळले. आयुष्यभर मिरवलेली चरबी पाण्यावर तरंगताना पाहून मला वाईट वाटले. मग वाळत घातल्यावर वाऱ्यात मी इतके सहज हलले की काय सांगू.

मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी एकदा नीट धुऊन पाहा. आणि कोणी फार दिवसांनी कुंचला हाती घेतला, तर पहिल्याच सालीवरून त्याला जोखू नका.

वसंत सरेपर्यंत कत्तालिन माझ्यावर काम करत होती. समोर ना मेंढी होती ना गाडी, सारे आठवून रंगवले. काम संपल्यावर तिने बेट्टिरीला बोलावले आणि दाराशी उभी राहिली. एप्रनमध्ये तिचे हात घट्ट गुंडाळलेले होते.

बेट्टिरीने टोपी काढली. मग त्याचे बोट वर गेले आणि पूर्वीसारखे डावीकडून उजवीकडे सरकू लागले. ओठ हलत होते.

"दहाच आहेत," तो काळजीने म्हणाला. "एक कुठे गेली, वहिनी?"

"गाडीच्या चाकामागे बघा."

तो वाकला.

"अकरा."