लाल चिंधीची शेवंती

सायली पहिल्यांदा मळ्यात आली तेव्हाच मला वाटलं, ही पोरगी नुसती पानं न्यायला आलेली नाही. एवढं गोड बोलणारं माणूस मखमलाबादच्या शिवारात सहसा काहीतरी विकायला येतं, नाहीतर लांबवायला.

कृषी महाविद्यालयात शिकते म्हणाली. आमच्या शेवंतीची खबर तिला कुणी दिली हे विचारायलाच नको. माझी बायको नवसाबाई रोज पंचवटीच्या बाजारात फुलं घेऊन बसते आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. आदल्या वर्षीच्या वादळात सगळी शेवंती आडवी झाली, एकच झाड ताठ उभं राहिलं. ते हेरलं मात्र तिनंच. त्याच्या बुडाशी फुटलेल्या काश्या, म्हणजे मुळं धरलेले फुटवे, लावून आम्ही सोळा झाडं केली आणि बियाण्याच्या झाडाला बांधतात तशी प्रत्येकाला लाल चिंधी बांधली. ना बांबूचा आधार, ना सुतळी. हे वाण वाढलं असतं तर म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ आली नसती.

सायलीनं नीट समजावलं. दांड्याला ताठ ठेवणारा पदार्थ झाड स्वतःच बनवतं, आणि तो किती बनवायचा हे त्याच्या जनुकांवर ठरतं. आमच्या झाडात तो नळ जरा जास्त उघडा राहिला असावा, असा तिचा अंदाज. चिंधीच्या आणि साध्या, दोन्ही झाडांची पानं आणि दोन-दोन काश्या तिला हव्या होत्या. मी सोमवारी ये म्हणालो.

शेजारच्या लहानूनं असंच एका पाहुण्याला पिवळ्या शेवंतीच्या काश्या दिल्या होत्या. दुसऱ्या वर्षी तीच शेवंती अख्ख्या बाजारात. त्यात सायलीनं ओळीचे फोटो काढले आणि बांधावर जाऊन हळू आवाजात कुणाला तरी फोन केला. माझं डोकं फिरलं. सोमवारी सकाळी बायको बाजारात गेल्यावर मी सोळाही चिंध्या सोडल्या आणि शेजारच्या ओळीतल्या साध्या झाडांना बांधल्या, त्यांचे बांबूही काढून खऱ्या झाडांना लावले. पोरगी वाण लांबवायला आलीय एवढंच बायकोला म्हणालो होतो, चिंध्यांचं बोललो नाही. तिला सांगणं म्हणजे गावात दवंडी.

सायली आली, चिंध्या बघून पानं खुडली, काश्या काढल्या. साधी म्हणून मी पलीकडच्या टोकाची दिली. ती गेल्यावर मी स्वतःवरच खूश झालो. चिंध्या मात्र तशाच ठेवल्या. ती परत येणार याची मला खात्री होती.

दोन दिवसांनी वणीहून निरोप आला, लेक आशा आजारी. मी आठ दिवस तिच्याकडे राहिलो. परतलो तर नवसाबाईनं मळा आवरून टाकलेला. आमची रीतच ती. फुलं संपली की चिंधीच्या झाडांच्या काश्या राखायच्या आणि बाकीचं उपटून शेळ्यांपुढे टाकायचं. मी गोठ्यात धावलो. शेळ्यांनी काड्यासुद्धा ठेवल्या नव्हत्या. वाफ्यात एखादी काशी सापडेल म्हणून हातानं माती उकरली, पण तिथे नांगर फिरला होता.

तरी मी गप्प बसलो. लाज वाटली, दुसरं काय. नवसाबाईनं राखलेल्या काश्या कौतुकानं लावल्या, रोज पाणी घातलं, आणि मी बघत राहिलो.

दिवाळीच्या तोंडावर वारं सुटलं आणि सगळी शेवंती आडवी पडली, चिंधीवालीसुद्धा. त्याच आठवड्यात सायलीचा फोन येऊन गेला होता की दोन्ही नमुन्यांत काहीच फरक निघत नाही. नवसाबाईनं चिंधीचं एकेक झाड उचलून बघितलं. मग मोबाइल घेऊन माझ्याकडे आली.

"तुम्ही म्हणत व्हता तेच खरं," ती म्हणाली. "त्या पोरीनंच चिंध्या हलवल्या. खरी झाडं घिऊन गेली आन् आता फरक नाय म्हनते. तिच्या सरांनाच सांगते."

मला नुसती मान डोलवायची होती. पोरीचं शिक्षण गेलं असतं, माझी अब्रू राहिली असती. तिनं नंबर लावायला घेतला.

"चिंध्या मी हलवल्या," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

तिनं सरांचा नंबर खोडला.

"तुम्हाला तिचा संशय आला, समजलं. ती परकी," ती म्हणाली. "पन झाड मी हेरलं व्हतं. मला का नाय सांगितलं?"

तीळ भिजत नाही, हे उत्तर मी इतके महिने तयार ठेवलं होतं. ते तोंडातून निघेना. तिनं सायलीचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"आता तिलाबी तुम्हीच सांगा," म्हणाली, आणि आडव्या झाडांच्या चिंध्या सोडायला गेली.