तणमोराच्या तेवीस खाचा

मित्रांनो, दाराआड टेकवून ठेवलेली, हाताच्या घामानं काळी पडलेली एखादी काठी तुमच्याही घरी असेल. तशीच एक जुनी काठी मी आहे. माझ्या अंगावर तेवीस खाचा आहेत. त्या कशाच्या आहेत, हे आता दोघांनाच ठाऊक आहे. मला आणि सत्यभामेला.

कपिलधारच्या डोंगरात मी धामणीच्या झाडाची फांदी होते. बंकटतात्यांनी मला तोडलं, विस्तवावर शेकून सरळ केलं आणि करडईचं तेल पाजलं. ते मेंढपाळ होते. शिरूर कासारच्या बाजूला त्यांच्या गावाचा मोठा माळ होता. दिवसभर मी त्यांच्या खांद्यावर असे. मेंढरांवर मात्र मी कधी जोरात उगारली गेले नाही.

पाऊस झाला, गवत गुडघ्याला लागलं, की माळाच्या माथ्यावर तणमोर येई. काळा, कोंबडीएवढा पक्षी. मादीला दिसावं म्हणून नर गवतातून सरळ वर उडी मारी आणि पुन्हा गवतात बुडे. पहिली उडी दिसली, की तात्या चाकू काढत आणि माझ्यावर एक खाच पाडत. त्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत कळप माथ्यावर जात नसे, कारण मादीची अंडी तिथं गवतात, जमिनीवरच असत. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांची आई भिवराबाई तसंच करायची. दुष्काळाच्या वर्षी गवत नसे, तणमोर नसे आणि खाचही नसे.

माळाच्या पायथ्याशी मजूर सहकारी संस्थेची खडीची खाण होती. चेअरमन अर्जुनराव वाईट माणूस नव्हता. दरवर्षी निम्मं गाव ऊस तोडायला जाई, ते गावातच राहावं म्हणून त्यानं ती संस्था उभी केली होती. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस हुकला, गावात टँकर सुरू झाला, तेव्हा संस्थेनं खाण माथ्यापर्यंत वाढवायचं ठरवलं. त्याआधी तिथं दुर्मिळ पशुपक्षी राहतात का, हे पाहणं भाग होतं. म्हणून शहरातून एक बाई आणि दोन तरुण आले. महिना वैशाखाचा होता.

चार दिवस ते उन्हात हिंडले. बाईंनी तात्यांना आदरानं विचारलं, "काका, इथं तणमोर येतो का?"

"येतंय की. पाऊस झाला का येतंय."

"घरटं कुठं असतं? जागा दाखवाल?"

तात्यांनी मला जमिनीत रोवलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "आसंल वर कुठंतरी," ते म्हणाले.

बाईंनी वहीत लिहून घेतलं. पावसाळ्यात पुन्हा यायला हवं, असंही त्या म्हणाल्या. त्यावर अर्जुनराव हसला. "बाई, पावसाळाच दोन वर्सं आमच्याकडं आला न्हाई. त्याचीबी पाहणी करा एकदा."

महिन्याभरानं संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये अहवाल वाचला गेला. तणमोर आढळला नाही. घरटी आढळली नाहीत. नेमकी जागा स्थानिकांना माहीत नाही. तात्या उठून उभे राहिले आणि म्हणाले, की वैशाखात तो येतच नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "तात्या, त्याला नोटीस धाडायची व्हती." लोक हसले.

अर्जुनराव हसला नाही. त्यानं विचारलं, "मग तवा जागा दाखवली कावून न्हाई?"

 तात्यांनी मला पुढं केलं आणि तणमोराच्या खाचा दाखवल्या. अर्जुनरावानं मला हातात घेतलं, खाचांवरून अंगठा फिरवला. त्या क्षणी मला तोंड हवं होतं. "खाच कशाचीबी आसती, तात्या," तो हळूच म्हणाला, "मेंढरांचीबी आसंल." आणि त्यानं मला परत दिलं.

घरी त्यांच्या लेकीनं, सत्यभामेनं, तेच विचारलं. तात्यांनी पागोटं काढून खुंटीला अडकवलं. मग म्हणाले, "घरट्याकडं बोट केलं का अंडी नासत्यात. आय म्हनायची. मी जलमात कधी केलं न्हाई."

सत्यभामा शिकलेली होती. तिनं मला उचलून दाराआड टेकवलं.

तो पावसाळाही कोरडाच गेला. पुढच्या वर्षी पाऊस मनासारखा झाला. तोवर माथ्याचा खड्डा झाला होता. खाणीच्या कडेला गवताचा एक अरुंद पट्टा तेवढा उरला होता. तात्या सत्यभामेला घेऊन तिथं गेले. खाली यंत्राचा आवाज चालू होता. गवतातून काळं काहीतरी सरळ वर उडालं आणि खाली गेलं.

तात्यांनी मला काखेत धरलं, हात लांब केला आणि बोट दाखवलं.

"त्ये बघ. तितंच आसतंय घरटं."

चाकू खिशात होता. त्यांनी खाच पाडली नाही. थंडीत ते गेले. तेव्हापासून मी सत्यभामेच्या दाराआड उभी आहे. ती कधी कधी मला तेल लावते. खाचांमध्ये तेल मुरेपर्यंत बोट फिरवत राहते.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी मोठेपणी अशी पाहणी करायला जाईल. तेव्हा त्या जागेच्या हंगामात जा. आणि वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्यानं बोट दाखवलं नाही, तर लगेच वही मिटू नका. त्याच्या हातातली काठी एकदा मागून घ्या.