काश्मिरी गुलाब, मुक्काम वडनेर

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. उंची दीड हात, झाकण सैल. माझा जन्म जवसाच्या तेलासाठी झाला. तेल संपलं आणि वर्ध्याचे दुकानदार बापूराव यांनी मला राखेनं घासून चहाचा केला. तेलाचा वास गेला नाही. गिऱ्हाइकं त्या वासाला 'जडीबुटीचा गंध' म्हणायची. गिऱ्हाईक काहीही म्हणतं.

माझ्यात चहा नव्हताच. होती अंबाडी. तीच, जी वडनेरला बापूरावांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कोणी न विचारता उगवते. तिची लाल फुलं वाळवून माझ्यात भरायची आणि माझ्या पोटावर लेबल लावायचं, 'काश्मिरी गुलाब चहा. पचनास, केसांस व परीक्षेस उत्तम.' बापूरावांना त्यावर बर्फाचा डोंगर हवा होता. छापखान्यात डोंगराचा ठसा नव्हता, म्हणून त्यांनी सरकी-ढेपेच्या पोत्यावरचा बैल छापला. बापूराव म्हणाले, चालतंय, नंदी आहे, हिमालयातलाच.

आणि खरंच चाललं! कचेरीतले बाबू रांगेनं यायचे. एक घोट घ्यायचे, एक डोळा मिटायचे आणि पावशेर बांधून न्यायचे. एका रिटायर हेडमास्तरांना तर त्यात देवदाराची चव लागली. त्यांनी देवदार कधी चाटला होता, देव जाणे.

मग एकोणऐंशी साली बापूरावांच्या नलूला बघायला आर्वीचे पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील रूपराव आणि आजी तानाबाई. स्थळ मोठं होतं. नलूची आधीची दोन स्थळं मोडली होती, हे तिसरं. बापूरावांनी ऐट म्हणून मलाच बैठकीत मांडलं, लेबल पाहुण्यांकडे करून.

आत त्यांनी बायकोला, अन्नपूर्णाबाईंना बजावलं होतं की यात दूध टाकायचं नाही. बाई म्हणाल्या, "पाहुण्याले कोरा चहा? आपल्या घरी कोनी मेलं हाय काय?" आणि पावशेर दूध ओतलं. अंबाडी आंबट. व्हायचं ते झालं. कपाकपात गुलाबी पाणी आणि वर दह्याचे गोळे.

रूपरावांनी एक घोट घेतला तो गालातच धरून ठेवला. बापूराव म्हणाले, काश्मिरात असाच पितात, चावून. मुलगा बिचारा चावायला लागला.

तानाबाईंनी कपात बोट बुडवून चाटलं. मग नातवाकडून माझं लेबल मोठ्यानं वाचून घेतलं.

"हे तं अंबाडी होय," त्या म्हणाल्या. "आमच्या इकडं शेळ्या खातेत." मग त्यांनी खिशाला हात लावलेल्या रूपरावांकडे पाहिलं. त्या खिशात मुलीच्या माहितीचा कागद होता. "डब्यावर जो असं लिवते, त्यानं पोरीच्या कागदावर काय लिवलं असन?"

बापूरावांचा चेहरा कपातल्या चहासारखा झाला. कागदावर वय अठरा आणि मॅट्रिक पास असं होतं.

नलूनं ट्रे खाली ठेवला. "बावीस, आजी. मॅट्रिकले दोनदा गणितात गेली. अन् अंबाडी वडनेरची हाय. मीच तोडली, मीच वाळवली. गूळ टाकून कोरी प्याल तं चांगली लागते."

"मंग तशी आण."

नलूनं आणली. तानाबाई पहिला कप प्यायल्या, दुसरा मागितला, आणि तिसऱ्या कपाला म्हणाल्या, "एकतरी खरं बोलनारं मानूस घरात पाह्यजे, रूपराव. आपल्या घरी कोनी नाई."

लग्न ठरलं. सासरी जायच्या आधी नलूनं काश्मीर खरवडून काढलं आणि कणकेच्या खळीनं स्वतःच्या अक्षरातला कागद चिकटवला, 'अंबाडी. वडनेर. दूध टाकू नये.' जावयाच्या आजी कधीही येऊन बघतील, म्हणून बापूरावांनी तो फाडला नाही.

त्यांनी शेजारी नवा डबा आणून ठेवला. त्यावर काश्मीर, नंदी, परीक्षा, सगळं आलं. आम्हा दोघांत एकाच पोत्यातली अंबाडी पडते. तो आठवड्याला रिकामा होतो. माझ्याकडे बघून हेडमास्तर म्हणतात, अंबाडीला कोण पैसे देतं हो? आणि देवदार घेऊन जातात.

मला गंज चढला आहे, मित्रांनो. मला घासा-पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. तुम्हीही त्याच रांगेतले. फक्त एवढं करा, चहा जिभेनं प्या. डोळ्यांनी पिणाऱ्यांची मोठी गर्दी झाली आहे.