शेवटचे त्रेसष्ट

मी एक पूर्ण संख्या आहे, मित्रांनो. एकावर सात शून्ये, मग सोळा, पुन्हा सात शून्ये आणि शेवटी त्रेसष्ट. एकूण एकोणीस अंक. माझे वय सांगता येणार नाही. मोजणारे कोणी नव्हते तेव्हाही मी होते.

माझ्यात एक मिळवला की पूर्ण वर्ग होतो. एक आणि मी स्वतः सोडून मला निःशेष भागणाऱ्या संख्या दोनच. एकावर आठ शून्ये आणि सात, एकावर आठ शून्ये आणि नऊ. दोन्ही मूळ संख्या, मध्ये एकच घर सोडून शेजारी राहणाऱ्या.

म्हणूनच परदेशात, आइंडहोवनला गणित शिकवणाऱ्या सुहासिनीबाईंनी मला निवडले. त्या फार आजारी होत्या. नवऱ्यासाठी त्या रोज थोडे बोलून लॅपटॉपवर साठवत होत्या. त्या आवाजाला त्यांनी माझे कुलूप घातले आणि मला चिठ्ठीवर लिहून दिले.

"अहो, हिला निःशेष भागणारी दहा अंकी संख्या शोधा, दोनांपैकी कोणतीही चालेल, की उघडेल. पण मी गेल्यावर. आणि तीनदा चुकलात तर सगळं पुसलं जाईल."

"मास्तरीणबाई, आता मलाही गृहपाठ?" हेमचंद्र म्हणाले.

"कामाला नाही लावलं तर तुम्ही नुसते खिडकीत बसाल."

हेमचंद्रांना घरातले सारे काही संगणकावरच्या तक्त्यात लिहायची सवय होती. विजेच्या मीटरचे आकडे, औषधांच्या वेळा. मलाही त्यांनी तिथे उतरवले आणि चिठ्ठी रद्दी कागदाच्या डब्यात टाकली. तो तक्ता पहिले पंधरा अंकच जपतो, पुढे शून्ये भरतो. माझे त्रेसष्ट गेले. कोणाला कळले नाही. मला कळले, पण मला तोंड नाही.

बाई गेल्या. पहिल्या आठवड्यात हेमचंद्रांनी त्यांचा पुण्याचा मोबाइल नंबर टाकून पाहिला. तोही दहा अंकीच. चूक. मग स्वतःचा. चूक.

त्यानंतर ते वही घेऊन बसले. तक्त्यातल्या संख्येची मागची नऊ शून्ये त्यांनी वेगळी काढली. उरले एकावर सात शून्ये आणि सोळा. बरोबर दहा अंक. बाकी शून्य. त्यांनी तीनदा ताळा केला. तिन्ही वेळा जुळला. आनंदाने त्यांनी दुसऱ्या गावी, डीमनला राहणाऱ्या मुलीला फोन लावला आणि बोलता बोलताच संख्या टाकली.

"श्रुती, सुटलं बघ! शेवटची नऊ शून्यं काढली की..."

"थांब, बाबा. आईची संख्या शून्यावर संपते? तिने इतकी सोपी दिली असेल? डोंट टाइप इट. मी येते."

हेमचंद्रांचे बोट आधीच दाबले गेले होते. पडद्यावरची बाईंच्या ध्वनिमुद्रणांची यादी वरून एकेक ओळ पुसत खाली गेली.

"सुहास," ते म्हणाले, "मी नीट भागलं होतं गं."

त्यांनी खरोखरच नीट भागले होते.

मित्रांनो, कोणी हाताने लिहून दिलेली संख्या उतरवाल, तेव्हा शेवटच्या अंकापर्यंत बोट ठेवून वाचा. ताळा मूळ कागदाशी करा, आणि तो कागद टाकू नका. मी आजही तितकीच खरी आहे. फक्त माझ्यामुळे उघडावे असे आता काही उरलेले नाही.