तळाची जाडी

“गेलं बाबा, पुन्हा गळलं!” सुनेने कपाळावर हात मारून घेतला.

संगणकाच्या पडद्यावरील काचेची टाकी भरता भरताच रिकामी झाली होती. कामगारांना शिकवण्यासाठीच्या एका चित्रफितीत ती काठोकाठ भरलेली दाखवायची होती. तीन वाजेपर्यंत चित्रफीत गेली नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होते. नवरा गेल्यानंतर दोन वर्षांनी सुनेने हाती घेतलेले हे पहिलेच काम होते.

सासऱ्यांनी उभ्या जन्मात टाक्याच बांधल्या होत्या. ते खुर्ची ओढून शेजारी बसले.

“काय काय बदललंस?”

“सगळंच! पाण्याचे कण वाढवले, वेग कमी केला, दाटपणा...”

“एकदम? मग दोष कुठे होता हे कळणार कसं? आधी सगळं होतं तसं कर. आणि सावकाश दाखव.”

तिने चित्र क्षणाक्षणाने पुढे सरकवले. ते पडद्याला नाक टेकवून पाहत राहिले.

“बाजूंनी थेंबही नाही. जातंय ते तळातून. भिंतींची जाडी किती?”

“पाच मिलिमीटर.”

“आणि तळाची?”

ती थबकली. “तळाला जाडीच नाही, बाबा. नुसता पृष्ठभाग काढलाय मी. कण या क्षणाला वर, पुढच्या क्षणाला खाली. मध्ये तळ होता, हे त्याला कळतच नाही.”

“अगं, मग पाण्याला कशाला बोल लावतेस? आमच्याकडे असला तळ कुणी केला असता, तर मी त्यालाच टाकीत बसवला असता!”

ती खुदकन हसली. कित्येक महिन्यांनी घरात तिचे हसणे ऐकू आले. ते आपल्या ध्यानातच आले नाही असे दाखवत सासरे चष्मा पुसत बसले.

तिने तळाला जाडी दिली. पाणी चढले, हिंदकळले आणि काठाशी येऊन स्थिरावले.

“पाठवते!”

“थांब. भरल्या भरल्या टाकी ताब्यात देत नाहीत. दहा मिनिटं बघायचं.”

“अहो बाबा, हे खरं पाणी नाही!”

“माहीत आहे. तरी थांब.”

दोघे पडद्याकडे बघत बसले. पातळी केसभरही उतरली नाही. पावणेतीनला तिने चित्रफीत पाठवली. थोड्याच वेळात फोन वाजला, तशी ती लगबगीने बाहेरच्या खोलीत गेली.

“हो, मीच केलंय... पुढचं? हो, करेन की! नक्की करेन!”

आतल्या खोलीत सासरे एकटेच होते. त्यांनी पडद्याच्या खालच्या कडेवरून तर्जनी या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूच फिरवली आणि खिडकीच्या उजेडात धरून पाहिली.

कोरडी होती.