न दिलेलं पान

बाईंना बोधकथांचा मनापासून राग होता. लबाड कोल्हा फसला, आळशी मुलगा पस्तावला आणि खाली ठळक अक्षरांत तात्पर्य. असली पुस्तकं देण्यापेक्षा मुलांना खिडकीबाहेर बघू द्यावं, असं त्या शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने म्हणायच्या आणि ज्यांना लागायचं त्यांना ते बरोबर लागायचं. चौथीच्या वाचनाच्या तासासाठी त्या गोष्टी स्वतः शोधायच्या. त्यातही त्यांची एक खास पद्धत होती. गोष्टीच्या प्रती काढून मुलांना वाटायच्या, पण शेवटचं पान स्वतःच्या पर्समध्ये ठेवायचं. शेवट मुलांनी घरी विचार करून आणायचा. दुसऱ्या दिवशी वर्गात जो कल्ला व्हायचा, त्यावर बाई आठवडाभर खूश असायच्या.

त्या दिवशी शेवटच्या तासाला दिलेली गोष्ट एका मुलीची होती. लपाछपी खेळताना ती घरातल्या मोठ्या पेटीत लपते, झाकण पडतं आणि अंधारात कुणीतरी हळूच तिच्याशी बोलू लागतं. इथे मुलांची पानं संपत होती.

"कोण बोलतं, बाई?" मुंगीने विचारलं. मुंगी म्हणजे बाईंच्या भावाची मुलगी. अंगाने एवढीशी, म्हणून घरात पडलेलं नाव शाळेतही चिकटलं होतं.

"ते तूच शोधून आण," बाई म्हणाल्या.

शाळा सुटली. मुंगी रोज आत्याबरोबर घरी जायची, पण आज पुढच्या सत्राची वाचनाची पुस्तकं ठरवायला बैठक होती. "बाकावर बस. बाबा येईल न्यायला. कुठे भटकलीस तर बघ," असं दटावून बाईंनी शिक्षकांच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

टेबलावर पुस्तकांचे ढीग रचले होते. शेजारच्या वाचनाच्या खोलीत एक मोठी लोखंडी पेटी होती, मधल्या सुट्टीत बाईंनी ती पार रिकामी करून सगळी पुस्तकं इथे आणली होती. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, एकेक पुस्तक उचलून आधी मागची बाजू बघत होत्या, जणू भाजी निवडायला बसल्या होत्या.

"हे फार भीतीचं नाही ना? पालक येऊन भांडतात."

"पालक कशावरूनही भांडतात," बाई म्हणाल्या. "मुलांना जरा भीती वाटली म्हणजे मुलं वाचतात. गुळमुळीत दिलं की जांभया देतात."

"रात्री झोपत नाहीत मग," गणिताचे सर म्हणाले.

"तुमच्या भागाकाराने उडते त्यांची झोप, सर. गोष्टीने नाही."

सगळे हसले. तेवढ्यात कुठूनतरी ठकठक ऐकू आली. पुन्हा आली. मग जोरात, घाईघाईने. वर सुतार बाकं दुरुस्त करत असेल म्हणून बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि आवाज चढवला. आपल्या पद्धतीबद्दल बोलताना मधे कुणी ठोकलेलं त्यांना खपत नसे.

"पण शेवट का ठेवून घेता?" सर सोडत नव्हते. "अर्धं गणित दिलं तर पोरं काय वाट्टेल ते उत्तर आणतात. आजच्या गोष्टीचा शेवट आहे तरी काय?"

बाईंनी पर्समधून पान काढलं आणि वर्गात वाचतात तसं ठासून, सावकाश वाचायला सुरुवात केली. पेटीत कुणीच नव्हतं. मुलगी घाबरून स्वतःशीच पुटपुटत होती आणि तोच आवाज तिला परका वाटत होता. झाकण आतून उघडेना. तिने हाका मारल्या, लाथा मारल्या. श्वास जड झाला. शोधायला निघालेल्या भावाला अखेर तिचं ठोकणं ऐकू आलं.

वाचता वाचता बाईंच्या लक्षात आलं की वरचा सुतार गप्प झालाय. बरं झालं, असं त्यांच्या मनात आलं.

"म्हणजे झाकण आतून उघडत नाही, हे फक्त या पानावर आहे," सर म्हणाले.

बाई उत्तर देणार तोच दार उघडलं. भाऊ उभा होता, हातात मुंगीचं दप्तर.

"ताई, मुंगी कुठेय? हे बाकावर होतं. आवारात नाही, फाटकावरही नाही."

"असेल इथेच कुठेतरी," बाई म्हणाल्या. "मघाशी तो सुतार ठोकत होता वर, तिथे बघत बसली असेल."

"सुतार?" मोठ्या बाईंनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "सुतार आज कुठे आलाय?"

बाई टेबलावरच्या ढिगांकडे बघत राहिल्या. एवढी पुस्तकं, आणि ती ज्या पेटीतून काढली ती पेटी भिंतीपलीकडे रिकामी. खुर्ची आडवी पाडून त्या धावल्या.

पेटीचा कोयंडा कडीवर बसला होता. झाकण जोरात पडलं की तो आपोआप बसायचा, सगळ्यांना माहीत होतं. झाकणाच्या कडेला रबराची पट्टी होती. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून बाईंनीच ती चिकटवून घेतली होती, वारासुद्धा आत जाणार नाही अशी. त्यांची बोटं कोयंड्यावरून घसरत होती. भावाने त्यांना ढकलून बाजूला केलं आणि झाकण उचललं.

मुंगी गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. केस कपाळाला चिकटलेले, ओठ काळेनिळे. भावाने तिला उचललं तेव्हा तिची मान मागे लटकली. देवा, माझं काहीही कर, एवढंच बाई मनात म्हणत राहिल्या. भावाने तिला खिडकीशी नेलं, गालांवर चापट्या मारल्या, नावाने हाका मारल्या. सरांनी खिडक्या सताड उघडल्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग मुंगीला ठसका लागला, ती खोकली आणि घशातून घरघरत श्वास आत गेला.

"आत्या," तिने डोळे अर्धवट उघडले. "मी ठोकत होते."

"हो गं, बाळा, हो."

"मग तू गोष्ट वाचायला लागलीस. नीट ऐकू येईना, म्हणून मी ठोकायचं थांबवलं."



भावाने मुंगीला खांद्यावर घेतलं. डॉक्टरांकडे न्यायला सर त्यांच्याबरोबर निघाले. दारात भाऊ क्षणभर थांबला. तो चिडला असता तर बरं झालं असतं, पण तो नुसता बघत होता.

"ही गोष्ट तू मुलांना दिलीस, ताई?"

मुलांना. सगळ्या वर्गाला. अख्खी चौथी तीच पानं दप्तरात घालून केव्हाच घरी पोचली होती.

बाई शिक्षकांच्या खोलीत धावल्या. तिथे भिंतीवर पालकांचे नंबर लावलेले होते, ते त्या एकेक करून फिरवू लागल्या. पहिल्या घरी मुलगा जेवत होता. दुसऱ्या घरी मुलगी टीव्हीसमोर होती, तिच्या आजीने तिला फोनवर बोलायलाही लावलं. तिसऱ्या घरी बराच वेळ घंटी वाजली, मग एका आईचा हसरा आवाज आला.

"अहो बाई, इतकं घाबरायला काय झालं? घरातच आहेत सगळी. लपाछपी चाललीय, राज्य धाकटीवर आहे. आमचा लपलाय कुठेतरी, येईल बाहेर."

"ताई, फोन ठेवू नका," बाई म्हणाल्या. "हातात घेऊनच फिरा. कपाटं, पेट्या, दिवाण, झाकण लागतं ते सगळं उघडा. आधी उघडा, मग मला काय बोलायचं ते बोला."

पलीकडे चप्पल फरफटल्याचा आवाज आला. एक दार करकरलं. "इथे नाही हो." मग दुसरं. "इथेही नाही." मुलाच्या नावाने एक हाक, मग आणखी एक, जरा मोठी. आता त्या हसत नव्हत्या.