पाच मिनिटं वाहू द्या

"थांबा, अजून दोन मिनिटं राहिलीत," बाटलीवाला म्हणाला आणि बहिणीच्या स्वयंपाकघरातला नळ त्याने तसाच धो धो वाहू दिला. नजर मनगटावरच्या घड्याळावर.

संस्थेच्या बाई ओट्याशी वही घेऊन उभ्या होत्या. ज्या वस्तीचं पाणी तपासणीत नापास होईल, तिथले जुने पाइप त्यांची संस्था देणगीतून बदलून देणार होती. आणि या खालच्या वस्तीचं पाणी गेली सव्वीस वर्षं पास होत आलं होतं. प्रत्येक कागदावर सही बाटलीवाल्याची.

तो पाणीखात्यात नमुने गोळा करायचा. खोक्यात बाटल्या खुळखुळवत हिंडतो म्हणून वस्तीने हे नाव ठेवलं. दारूच्या थेंबाला न शिवणाऱ्या माणसाला असलं नाव म्हणजे थट्टाच, पण तोही हसून घ्यायचा. वस्तीत त्याला मान होता. आपल्या काळ्या माणसांतला एक तरी सरकारी ओळखपत्र गळ्यात घालून फिरतो, हे काय थोडं झालं?

"पाच मिनिटं कशासाठी?" बाईंनी विचारलं.

"नियमच आहे बाई. रात्रभर पाइपात साचलेलं जाऊ द्यायचं, ताजं आलं की बाटली भरायची."

"पण सकाळी उठून लोक तेच साचलेलं पितात ना?"

"ते आहेच म्हणा."

"वरच्या वस्तीतही असंच करता?"

"छे हो!" तो हसला. "त्या गोऱ्या लोकांच्या घरात मला कोण घेतंय? माझ्यासारख्याने त्यांच्या नळाला हात लावायचा म्हणजे काय! संध्याकाळी पायरीवर रिकामी बाटली ठेवायची. पहाटे बाईसाहेब उठल्या उठल्या भरणार, पायरीवर ठेवणार, मी उचलणार. बरंच पडतं, वेळ वाचतो."

बाईंचा पेन थांबला. "म्हणजे त्यांच्या बाटलीत रात्रभर साचलेलं पाणी."

"हो."

"आणि त्यात शिसं सापडलं."

"सापडलं ना. त्याला झाली बावीस वर्षं. लगेच पाइप बदलले त्यांचे…"

बोलता बोलताच त्याच्या ध्यानात आलं. दोन्ही वस्त्यांचे पाइप एकाच वर्षी टाकलेले, एकाच मालातले, शिशाचे. तिकडे त्याला दारात उभं केलं म्हणून खरं पाणी बाटलीत आलं. इकडे घरोघरी "या, बसा" झालं, खुर्ची पुढे आली, आणि त्याने इमानेइतबारे, घड्याळ लावून, सगळं शिसं मोरीत सोडून दिलं.

चीड यायला हवी होती, निदान रडू तरी. काहीच आलं नाही. पाच मिनिटं कधीच होऊन गेली, तरी नळ बंद करायचं त्याला सुचेना. शेवटी बहिणीनेच पुढे होऊन तो बंद केला.

"शिशाने काय होतं हो?" तिने बाईंना विचारलं.

"लहान मुलांच्या मेंदूला अपाय होतो."

"मग तो नंतर भरून येतो?"

बाईंनी मान हलवली. नाही.

कोपऱ्यात भाची बटणांचे ढीग लावत बसली होती. एकोणीस वर्षांची झाली, पण दहाच्या पुढे मोजताना अडखळायची. तुमच्याकडची मुलं अशीच असतात, असं शाळेने तेव्हाच सांगून टाकलं होतं. ती तान्ही असताना बहिणीने विचारलं होतं, "दादा, हिची दुधाची पावडर नळाच्या पाण्यात कालवली तर चालेल ना रे?" आणि त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "बिनधास्त! मी स्वतः तपासलंय."

आता बहीण नुसतं "बरं" म्हणाली आणि ओटा पुसू लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने खालच्या वस्तीत चाळीस पायऱ्यांवर चाळीस रिकाम्या बाटल्या ठेवल्या. "अरे, आत ये की! शिष्ट झालास का?" लोक म्हणत होते. "नको, इथंच बरा," म्हणत तो पुढे सरकत होता. पहाटे बहिणीची बाटली पायरीवर भरून ठेवलेली होती, झाकण घट्ट लावलेलं. दार बंद होतं.

चाळिसांपैकी तेहतीस बाटल्या नापास झाल्या. संस्थेने पाइप मंजूर केले. "तुम्ही सांगितलंत म्हणून झालं," बाई म्हणाल्या. वस्तीने तर त्याला डोक्यावरच घेतलं. तो ज्याला त्याला "हं" म्हणत राहिला.

बहिणीला सांगायला तो सकाळीच स्वतः गेला. तिने दार अर्धंच उघडलं.

"पाइप मिळाले," तो म्हणाला. "दोन महिन्यांत बसतील."

"तोवर?"

"तोवर सकाळी नळ पाच मिनिटं वाहू द्यायचा. मगच प्यायचं."

"तेच करतेय."

आतून भाचीने हाक मारली, "मामा, आत ये ना! बटणं मोज!"

"मामाला घाई आहे गं, बाळा," बहीण म्हणाली.

त्याला कसलीही घाई नव्हती. तो पायरीवरच उभा राहिला. आत नळ वाहत होता, आणि बहीण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.